हजार घोडे, मूठभर चकत्या

गुरुवार, १५ जून २०१७, संध्याकाळ

फ्रान्समधल्या ले मान्सच्या शर्यतीची एक फेरी १३.६२९ किलोमीटरची. तिचा बराचसा भाग एरवी साधा सार्वजनिक रस्ता असतो, त्यावरून लोक कामाला जातात. आज कामुई कोबायाशीने ती फेरी ३ मिनिटं १४.७९१ सेकंदांत मारली. सरासरी वेग ताशी जवळजवळ २५२ किलोमीटर. वळणं आणि ब्रेक धरून!

गाडी टोयोटा टीएस०५० हायब्रिड, नंबर ७. मागे २.४ लिटरचं व्ही-६ इंजिन, त्याला दोन टर्बो, ताकद ५०० अश्वशक्ती. पुढच्या आणि मागच्या चाकांना जोडलेल्या विजेच्या मोटरी मिळून आणखी ५००. हजार घोडे, आणि त्यांनी ओढायचं वजन ड्रायव्हर-इंधन धरून हजार किलोच्या आसपास. म्हणजे किलोमागे एक घोडा.

इतकी घाईची फेरी इथे पूर्वी कुणी मारली नव्हती. टोयोटाच्या गॅरेजमध्ये त्या रात्री कुणी क्लचचा विचार करत असेल असं मला वाटत नाही. करायचं कारणही नव्हतं.

शनिवार, १७ जून, दुपारी ३:०० (पावणेदहा तास बाकी)

साठ गाड्या सुटल्या, उद्या दुपारी तीनपर्यंत धावायला. ऊन कडक, पारा तिशीच्या वर. पहिल्या नंबरावर टोयोटा ७, तिच्यात आत्ता माइक कॉनवे. शेजारी टोयोटा ८. मागे दोन पोर्श ९१९ हायब्रिड. टोयोटाने या वर्षी तिसरी गाडीही आणली आहे, नंबर ९.

तिसरी का? गेल्या वर्षीची जखम ओली आहे म्हणून. २०१६ मध्ये टोयोटा शेवटची तीन मिनिटं उरेपर्यंत पहिली होती. मग काझुकी नाकाजिमाने रेडिओवर सांगितलं की गाडीत ताकद नाही, आणि गाडी पिटसमोरच्या सरळ रस्त्यावर, हजारो लोकांच्या डोळ्यांदेखत थांबली. टर्बो आणि इंटरकूलर यांच्या मधल्या हवेच्या नळीची जोडणी गेली होती. त्याआधी १९९४ मध्ये दोन टर्बोंची टोयोटा ९४सी-व्ही साधारण दीड तास उरला असताना पुढे होती, तेव्हा गिअर टाकायच्या दांडीची जोडणी तुटली. ड्रायव्हर जेफ क्रॉस्नॉफने हातानेच गिअर अडकवून ती कशीबशी पिटमध्ये आणली. पहिली पोर्शवाल्यांची आली, टोयोटा दुसरी.

दोन्ही वेळा इंजिन ठणठणीत होतं. दगा दिला तो आजूबाजूच्या किरकोळ वस्तूंनी. मोटारीत किरकोळ असं काही नसतं हे खरं, पण बिल करताना आपण तसं लिहितो.

संध्याकाळी ६:३० (सव्वासहा तास बाकी)

पहिला बळी पोर्शचा. दोन नंबरच्या गाडीची पुढच्या ॲक्सलची मोटर गेली. गाडी गॅरेजात ओढली, मेकॅनिक तिच्यावर तुटून पडले. मोटर बदलून गाडी बाहेर पडायला ६५ मिनिटं लागली. ती आता १८ फेऱ्या मागे, यादीच्या तळाशी. समालोचकांनी तिचं नाव घेणं सोडून दिलं. आपण ते लक्षात ठेवू.

रात्री ८:०० (पावणेपाच तास बाकी)

काही घडत नाही. टोयोटा ७ आपल्या लयीत पुढे आहे. अशा निवांत तासात यंत्राची थोडी ओळख करून घ्यावी, कारण पुढे वेळ मिळणार नाही.

इंजिनाची ताकद आणि रस्ता यांच्यामध्ये एक साखळी असते. क्लच, गिअरबॉक्स, क्राऊन-पिनियन, दोन बाजूंचे शाफ्ट आणि त्यांचे जॉइंट, मग चाक, शेवटी टायर. गाडीची जाहिरात इंजिनाच्या अश्वशक्तीवर होते. साखळीला मात्र अश्वशक्ती कळतच नाही. तिला कळतो टॉर्क, म्हणजे पिळण्याचा जोर. ओला टॉवेल पिळताना मनगटाला जे जाणवतं, ते.

या दोन्हींचा घोटाळा केला की पैसे जातात. समजा ५०० अश्वशक्ती हवी आहे. ती इंजिन ९,००० फेऱ्यांवर देत असेल, तर टॉर्क साधारण ३९० न्यूटन-मीटर. तेवढीच अश्वशक्ती टर्बोचा दाब वाढवून ५,००० फेऱ्यांवर काढली, तर टॉर्क ७०० च्या वर. कागदावर दोन्ही गाड्या सारख्या. पण दुसरीच्या गिअरच्या दातांवर पावणेदोनपटीहून जास्त मार. शिवाय टर्बोचा टॉर्क एकदम, धक्क्याने येतो. पहिल्या गिअरमध्ये तो आणखी कित्येक पटींनी वाढून शाफ्टवर पोहोचतो. लॅपटॉप लावून दहा मिनिटांत रिमॅप करून देणारा तुम्हाला अश्वशक्तीचा आलेख छापून देतो. त्यातली टॉर्कची रेघ बघायची असते, आणि ती सुद्धा खालच्या फेऱ्यांवर कुठे टेकडी करते ते.

मग क्लच घसरायला लागतो. मालक वैतागून दणकट प्रेशर प्लेट बसवतो. घसरणं थांबतं, आणि पुढच्या महिन्यात तिसऱ्या गिअरचे दात गळून पडतात. घसरणारा क्लच घरातल्या फ्यूजसारखा होता हे तेव्हा कळतं. फ्यूजच्या जागी जाड तार घातली की पुढे काय जळतं, ते आपल्याकडे चाळीत राहिलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. चिकटून धरणारे टायर घातले तरी तेच. पूर्वी चाक जागेवर फिरून जोर वाया घालवायचं, आता ते वायाही जाऊ देत नाही.

मोठ्या ताकदीच्या गाड्या बनवणाऱ्यांना हे आधीच उमजलेलं असतं. पोर्शने ९१७ ला टर्बो लावून ११०० अश्वशक्तीची ९१७/३० केली, तेव्हा गिअरबॉक्स चारच गिअरचा ठेवला. गिअर कमी, म्हणून प्रत्येक गिअर रुंद आणि जाड. बुगाटी व्हेरॉनला १००१ अश्वशक्ती आणि १२५० न्यूटन-मीटर होते, त्यासाठी ब्रिटनच्या रिकार्डो कंपनीकडून सात गिअरचा वेगळाच बॉक्स करून घेतला. इंजिनापेक्षा कठीण काम ते होतं असं माझं मत.

आता टीएस०५०. तिचा क्लच अनेक चकत्यांचा. रेसच्या गाडीत क्लच लहान आणि हलका ठेवतात. मोठा केला तर फिरणारं वजन वाढतं आणि इंजिन जमिनीपासून वर बसवावं लागतं. मग त्यातून एवढा टॉर्क जातो कसा? दाब आणि घर्षण पुरेसं असेल, चकत्या एकमेकींना घट्ट चिकटून एकाच वेगाने फिरत असतील, तर जातो. चिकटलेला क्लच तापत नाही, तापतो तो घसरताना. म्हणजे जागेवरून निघताना.

आणि इथे टोयोटाच्या इंजिनिअरांनी हुशारी केली होती. गाडीत विजेच्या मोटरी आहेतच, त्या शून्य फेऱ्यांपासून जोर देतात आणि त्यांना जागेवरून निघायला क्लच लागत नाही. तेव्हा पिटमधून गाडी विजेवर निघेल, वेग आला की इंजिन जोडलं जाईल. या क्लचने थांबलेली गाडी उचलायची वेळच येणार नाही. जे काम नाही त्यासाठी वजन कशाला वाहायचं?

मी हे चूक मानत नाही. मीही तसंच केलं असतं.

रात्री ११ च्या सुमारास (पावणेदोन तास बाकी)

जूनमध्ये इथे सूर्य दहापर्यंत रेंगाळतो. अंधार पडेपर्यंत टोयोटा ७ आणि ८ आघाडीच्या गटात होत्या. आता आठ नंबर गॅरेजात शिरली. हिचीही पुढची मोटर गेली. बॅटरीही बदलायची आहे. जवळजवळ दोन तास जाणार. जिंकायची आशा संपली.

सात नंबर मात्र सुरेख चालली आहे. कोबायाशी आत आहे. एक पोर्श आधीच गाळात, दुसरी मागे. टोयोटाने इतकी वर्षं जिची वाट पाहिली ती रात्र हीच असावी असं दिसतंय.

मध्यरात्रीनंतर, सुमारे साडेबारा (पाव तास बाकी)

सेफ्टी कार बाहेर आली. ट्रॅक लांबलचक, म्हणून ले मान्सला तेव्हा एकाच वेळी तीन सेफ्टी कार धावत आणि प्रत्येकीमागे गाड्यांची एक रांग लागे. पिटमधून बाहेर पडणाऱ्या गाडीने पुढची रांग येईपर्यंत पिट लेनच्या तोंडाशी लाल दिव्यावर थांबायचं, असा नियम होता.

कोबायाशी इंधन घेऊन निघाला होता. तो लाल दिव्यापाशी थांबला.

पुढची काही सेकंदं टोयोटाच्या माणसांनी नंतर वेगवेगळ्या तोंडांनी सांगितली, आणि कॅमेऱ्यांनीही दाखवली. नारिंगी पोशाखातला एक माणूस धावत गाडीपाशी आला, त्याने अंगठा वर केला आणि निघून गेला. मार्शल नारिंगी घालतात. कोबायाशीला वाटलं, निघायचा इशारा. तो माणूस दुसऱ्या, खालच्या वर्गातल्या संघाचा ड्रायव्हर होता. आपली पाळी यायची वाट बघत उभा होता, समोर शर्यतीत पुढे असलेली गाडी दिसली, उत्साहात शुभेच्छा देऊन आला. पुढे त्याने स्वतःच ते जाहीरपणे कबूल केलं आणि खेद व्यक्त केला. मनात काही काळंबेरं असल्याचं कुणीही म्हटलेलं नाही. रस्त्यावर क्रिकेट खेळणाऱ्या पोरांना जाता जाता ‘शाब्बास’ म्हणावं, त्यातला प्रकार.

कोबायाशी निघाला. इंजिनावर, क्लच घसरवत. लगेच रेडिओवर आरडाओरडा झाला, दिवा अजून लाल आहे, थांब. तो थांबला. परत निघाला. असं काही वेळा झालं.

घाटात चढावर ट्रकमागे अडकून अर्ध्या क्लचवर गाडी धरून ठेवणाऱ्याला तो जळका वास ओळखीचा असेल. आपल्या गाडीचा क्लच त्यासाठीच केलेला असतो, तो रागावतो पण सहन करतो. टीएस०५० चा नव्हता.

ढोबळ हिशेब करून बघू. इंजिन एकाच गतीवर ठेवून क्लच घसरवत गाडी उचलली, तर गाडीला जेवढी गतिज ऊर्जा मिळते, साधारण तेवढीच उष्णता क्लचमध्ये निघते. हजार किलोची गाडी पिट लेनच्या मर्यादेपर्यंत, ताशी ६० पर्यंत अशी नेली तर सुमारे १ लाख ४० हजार ज्यूल. त्यात जवळजवळ अर्धा लिटर पाणी उकळेल, दोन-तीन कप चहाचं. फार नाही. पण हे सारं काही सेकंदांत, तळहातात मावतील अशा चकत्यांमध्ये ओतलं जातं. छोट्या हालचालींत आकडा कमी भरतो, मात्र लागोपाठ केल्या तर पहिली उष्णता निघून जायच्या आत दुसरी येऊन बसते. रेसच्या गाडीचा पहिला गिअर लांब असतो, म्हणून घसरणंही लांबतं.

आणि ही गाडी एका फेरीत आपल्या विजेच्या यंत्रणेतून ८ मेगाज्यूल वापरते. त्या क्लचला जड गेलेल्या उष्णतेच्या कित्येक पट. महावितरणच्या बिलाच्या भाषेत सव्वादोन युनिट. त्यातली चिमूटभर वीज वापरून तिने तिथून मुकाट निघायला हवं होतं. ती सोय गाडीत होती, त्या क्षणी वापरली गेली नाही एवढंच.

यात कोबायाशीला दोष देणाऱ्यांनी एकदा विचार करावा: मध्यरात्र, हेल्मेट, कानात इंजिन, शर्यत हातात, आणि समोर मार्शलसारखा दिसणारा माणूस ‘जा’ म्हणतोय. मी तर टोल नाक्यावर कुणीही शिट्टी वाजवली तरी ब्रेक मारतो.

रविवार, १८ जून, रात्री पाऊणच्या सुमारास (शून्य)

सेफ्टी कार आत गेली. हिरवा झेंडा. मागच्या सगळ्या गाड्यांनी वेग घेतला आणि सात नंबर घेईना.

इंजिन ओरडत होतं, मागची चाकं ऐकत नव्हती. पाचशे घोडे शाबूत, त्यांना चाकांशी बांधणारा दोर तुटलेला. पिटचं तोंड मागे पडलं होतं आणि पुढे जवळपास अख्खी फेरी.

कोबायाशीने विजेवर गाडी रेटायला सुरुवात केली. इथे एक क्रूर गणित आहे. या गाडीची बॅटरी मोठी नसतेच. ती प्रत्येक ब्रेकला भरते आणि प्रत्येक सरळ रस्त्यावर रिकामी होते. भरायची तर जोरात ब्रेक मारायला हवा, त्यासाठी आधी वेग हवा, आणि वेग तर इंजिन देणार होतं. गाडी अंधारात रांगत राहिली. आजूबाजूने एकेक गाडी सुसाट निघून गेली. सात नंबर पिटपर्यंत पोहोचलीच नाही.

टीव्हीवर टोयोटाच्या गॅरेजातले चेहरे दिसत होते. जपानी माणूस चेहऱ्यावर काही दाखवत नाही म्हणतात. त्या रात्रीचं चित्रीकरण बघा.

रात्री १ नंतर (२५ मिनिटांनी)

आता जिंकायची आशा उरलेली एकच टोयोटा, नंबर ९. आत निकोला लापिएर. मागून आलेली एलएमपी-२ या खालच्या वर्गातली गाडी तिला धडकली. मागचा टायर फुटला. लापिएर पिटकडे घाईने निघाला, घाई जरा जास्तच झाली. फाटक्या टायरने फटके मारमारून गाडीच्या मागच्या भागाची वाट लावली. पिट अगदी नजरेच्या टप्प्यात असताना ती बंद पडली.

अर्ध्या तासाच्या आत दोन गाड्या. तिसरी आधीच कित्येक फेऱ्या मागे. टोयोटाने तीन गाड्या आणल्या त्या, एकीला काही झालं तर दुसरी असावी म्हणून.

सकाळी ११:१०

पोर्श १ रात्रभर आरामात पुढे होती, १३ फेऱ्यांची आघाडी. आंद्रे लोटररला काम एवढंच की गाडी घरी न्यायची. तेलाचा दाब पडला. तोही विजेवर रांगला, तोही पोहोचला नाही. शेवटचे चार तास उरले होते.

यानंतर ले मान्सच्या इतिहासात न घडलेली गोष्ट घडली. एलएमपी-२ ची गाडी, म्हणजे खालच्या वर्गातली, साध्या व्ही-८ इंजिनाची, टर्बो नाही आणि मोटर नाही, सगळ्या शर्यतीत पहिल्या नंबरावर गेली. जॅकी चॅन डीसी रेसिंगची ओरेका, नंबर ३८. ती कुणाला मागे टाकून पुढे आली नव्हती. बाकीचे मोडले, ती चालत राहिली.

आणि मागून कोण येत होतं? संध्याकाळी साडेसहाला सोडून दिलेली पोर्श २. तासाभराहून थोडा अधिक वेळ उरला असताना टिमो बर्नहार्डने ओरेकाला गाठलं.

दुपारी ३:००

पोर्श २ जिंकली, ३६७ फेऱ्या. ओरेका एक फेरी मागे, दुसरी. पोर्शचा ले मान्समधला हा १९ वा विजय. टोयोटा ८ शर्यत पुरी करून आली, पण विजेत्यांच्या आसपास कुठेच नव्हती.

पुढच्या दिवसांत बरंच छापून आलं, की टोयोटाचा क्लच कमजोर होता. मला हे पटत नाही. तो क्लच त्याला सांगितलेल्या कामाला पुरेसा होता. पावणेदहा तास त्याने एका टर्बो इंजिनाचा सगळा टॉर्क कुरकूर न करता पलीकडे पोहोचवला. त्याला ऐनवेळी दुसरंच काम सांगितलं गेलं, ज्याच्यासाठी तो घडवलाच नव्हता. गाडीत टर्बोचा दाब वाढवून आणणारा हौशी मालक रोज हेच करतो. कारखान्यातल्या कुणीतरी ठरवलेलं असतं की या गिअरबॉक्सला इतका जोर, इतक्या वेळा, अशा टायरवर. तो कागद मालकाने पाहिलेला नसतो. ले मान्समध्ये तो कागद तर गॅरेजातच होता, माहीत नव्हता फक्त अंगठा दाखवणाऱ्याला.

तेव्हा तुमच्या टर्बो गाडीत आणखी पन्नास घोडे घालायला निघाला असाल, तर मेकॅनिकला आधी किती वाढतील हे विचारू नका. वाढल्यावर पहिलं काय तुटेल, आणि ते काय भावाला मिळतं, ते विचारा. उत्तर देता आलं नाही तर दुसरा मेकॅनिक शोधा.

टोयोटाने २०१८ मध्ये ले मान्स जिंकलं, आठ नंबरच्या गाडीने. कोबायाशी आणि कॉनवे यांना त्यानंतर आणखी तीन वर्षं थांबावं लागलं. ते २०२१ मध्ये जिंकले. गाडी नवी होती, नंबर तोच, ७. आणि २०१७ च्या निकालपत्रकात सात नंबरसमोर एवढंच लिहिलं आहे: १५४ फेऱ्या, क्लच.